दुसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी

तासभर आम्ही नुसते बसलेलो असतो.
ऐंशी माणसं, काळे कपडे, मांडीवर फायली,
जिभेखाली खडीसाखर.
पुढे व्हायोलिनं मरणाशी हुज्जत घालतायत,
तांब्याचे ढोल मधूनच दार ठोठावतात
आणि कुणी उघडत नाही.
खोकला आला तर गिळा, मेहेरनोश सर म्हणाले होते,
आवंढा गिळतो तसा.

सात महिने तालीम, कॅम्पात, चर्चमागच्या हॉलमध्ये.
पंखा एकच, तोही सोप्रानोंच्या डोक्यावर.
जर्मन शब्द मी देवनागरीत उतरवून घेतले
पेन्सिलीनं, अनुस्वार अंदाजानं.
शेवटच्या भागात एक शब्द सारखा येतो.
अर्थ विचारला तर सर म्हणाले, उठणं.
मग चष्मा पुसत : आमच्यात उठमणा असतो ना,
तिसऱ्या दिवशी, तसंच काहीतरी.

घरी येताना बसमध्ये मोजत बसले.
पंगत उठते. बाजार उठतो.
अंगावर काटा उठतो, गावात आवई उठते.
भाडं थकलं की बिऱ्हाड उठतं.
चार जण वाकतात आणि तिरडी उठते.
आणि रात्री काहीही झालेलं असो,
दूधवाला बेल वाजवतो
तेव्हा माणूस उठतं.
स्टॉप मागे गेला माझा.

श्रीरंगला वैकुंठात नेलं तेव्हा रांग होती.
पावतीवर वेळ घालून दिली : सात दहा.
शाई वाळावी म्हणून कारकुनानं कागदावर फुंकर मारली.
पाठचा भाऊ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान.
ती पावती अजून पर्सच्या चोरकप्प्यात आहे
लाइटबिलाशेजारी.
का, ते विचारू नका.

आता सगळी वाद्यं थांबलीत.
स्टेजवर काहीच नाही.
आणि लांबून, भिंतीपलीकडून, एक ट्रम्पेट.

तो सायमन गायकवाड, रास्ता पेठेतल्या बँडचा.
मोसमात घोड्यापुढे वाजवतो, जरीचा कोट घालून,
आणि बोलावलं तर मयतीतही, साध्या शर्टात.
इथे कागदावरच लिहिलंय : दुरून.
म्हणून तो कँटीनच्या बोळात उभा आहे
वड्यांच्या कढईशेजारी.
आचाऱ्यानं त्याच्यासाठी गॅस बंद केलाय.
दार चार बोटं उघडं, फटीत त्याची मुलगी,
सरांचा हात पाहून बापाला खूण करायला.
सूर आला. त्याच्यामागून रिक्षाचा हॉर्न,
जवळपास त्याच पट्टीत.
कुणी हसलं नाही.

मग आमची पाळी.
आणि नियम असा, की बसूनच गायचं,
ओठ जेमतेम उघडून, श्वासाहून थोडं जास्त.
उठ, म्हणायचं, आणि उठायचं नाही.
एवढ्या हळू आवाजात मी फक्त एकदाच बोललेय,
आयसीयूत, त्याच्या कानाशी,
आणि तेव्हाही हाच शब्द होता,
मराठीत.
त्यानं ऐकलं नव्हतं.

एकतिसाव्या पानावर सरांचे दोन्ही हात वर जातात.
ऐंशी खुर्च्या करकरतात.
माझ्या डाव्या पायाला मुंग्या आलेल्या,
टेकवला तर पाय माझा नव्हेच,
मग सुया, मग निखारे,
मग हळूहळू, शिव्या द्याव्यात इतकं दुखत,
रक्त परत आलं घोट्यापर्यंत.
शेजारच्या कुंदाताईंनी कोपर धरलं.
मी मोठ्यानं गात होते. सूर बहुधा चढा लागला असेल.
ऑर्गन होता, ढोल होते, कुणाला कळलं नसेल.
सात दहा कधीच होऊन गेले होते
आणि मी पाहिलं नव्हतं.

पार्किंगमध्ये सायमन
ट्रम्पेटमधलं पाणी झाडत होता, नारळाच्या बुंध्यापाशी.
म्हटलं, छान झालं हो.
तो म्हणाला, वड्याचा वास फार येत होता, बाई, लक्ष लागेना.
पेटी बंद केली, मुलीला मागे बसवलं,
किक मारता मारता म्हणाला,
चलतो, हडपसरला वरात आहे सकाळची,
लवकर उठायचंय.